म्हातारी कापून होईपर्यंत

३ नोव्हेंबर, सोमवार

वाचनालयाच्या सचिवांना मी मनातल्या मनात 'उंटावरचे' म्हणते. आज त्यांनी ते नाव पुन्हा एकदा सार्थ केलं.

वर्षभर किनाऱ्यावर तंगडतोड करून काढलेले फोटो मी त्यांच्या टेबलावर मांडले. वाळूत रुतलेलं जुनं मालवाहू जहाज, ज्याला इथे लहानथोर सगळे म्हातारी म्हणतात. तिचं गंजलेलं पोट, अर्धवट तुटलेला जिना. आणि तिच्या पलीकडे ओहोटीला वर येणारा लाकडी गलबताचा सांगाडा, फासळी न् फासळी स्वच्छ दिसणारा. तो माझा सर्वांत आवडता. उंटावरच्यांनी तो उलटा धरून पाहिला आणि विचारलं, "हा कुणाचा एक्स-रे?"

मग म्हणाले, "यात माणसं कुठं आहेत?"

म्हटलं, "जहाज रुतलं तेव्हाच उतरली."

हसले नाहीत. "अहो बाई, गंजकं लोखंड बघायला कोण येणार? लोक प्रदर्शनाला येतात ते स्वतःला बघायला. आपल्या गल्लीतली माणसं घ्या, मागे म्हातारी दिसू द्या. डिसेंबरच्या अखेरीस वाचनखोलीची समोरची भिंत तुमची." आणि मी पिशवी भरून उठल्यावर, जणू छत्री विसरलीत असं सांगावं तसं, "जरा घाई करा हं. म्हातारी भंगारात काढलीय. ठेकेदाराची माणसं आलीसुद्धा."

म्हणजे भिंत दिली आणि तिच्यावर लावायचं तेच काढून घेतलं.

घरी येऊन धाकटीवर राग काढला. धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही आम्हाला एकमेकींच्या गळ्यात बांधून पुढे निघून गेले. ती पातेलं घासत होती. "पण जाऊबाई, भिंत मिळाली ना? मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

तिला काय सांगणार. माझी सबंध नोकरी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात गेली. लोक त्यालाही फोटोच म्हणत. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो. प्रत्येक फोटोवर पेशंटचं नाव, रिपोर्टखाली डॉक्टरची सही. काढणारीचं नाव कुठेच नाही. मला एक भिंत हवी आहे, जिच्यावरच्या फोटोंखाली माझं नाव असेल. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या की गर्व हे पाप आहे. असेल. या वयात बाकीची पापं झेपत नाहीत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिघांना बोलावलं होतं: कोपऱ्यावरचा शिंपी, ब्यूटीपार्लरवाली आणि समोरचे निवृत्त गणिताचे सर.

शिंप्याला म्हातारीच्या पोटासमोर उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. गळ्यातली टेप काढायला लावली, चष्मा काढायला लावला, खिशातल्या टाचण्यासुद्धा. धातूचं काही अंगावर असलं की मला चैन पडत नाही. "श्वास घ्या. रोखा. हलू नका." कॅमेरा मनासारखा लागेपर्यंत तो जांभळा झाला. माणसांच्या छातीत हवा किती कमी झाली आहे हल्ली.

पार्लरवाली सजून आली होती. हार, बांगड्या, केसांत क्लिपांचं दुकान. म्हटलं, सगळं उतरवा. ती म्हणाली, "उतरवते, पण मग माझ्यात राहतं काय?" उतरवलं, आणि तोंड फुगवून उभी राहिली. मला हरकत नव्हती. फुगलेलं तोंड हलत नाही.

सर मात्र उत्तम. आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहिलेले. हलले नाहीत, हसले नाहीत, पापणीही लववली नाही.

तिघांनीही विचारलं, "बघू कसा आलाय." म्हटलं, बघायचा नसतो. नियम आहे. फोटो पेशंटच्या हातात द्यायचा नाही, काय दिसलं ते बोलायचं नाही. हे पेशंट नाहीत हे मला कळतं. पण मोडला की नियम राहत नाही.

धाकटीला सगळ्यांच्या उतरवलेल्या वस्तू सांभाळायला नेलं होतं. तिथे मी घसा कोरडा करत होते आणि ही बाई पिशवी काखेत मारून कामगारांच्या तंबूकडे निघून गेली. शिंप्याचा चष्मा तिच्याकडे. बिचारा वाळूत चाचपडत घरी गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

कापायला सुरुवात झाली. आणि कशी, तर दोन्ही बाजूंनी. एक टोळी मागे, एक टोळी पुढे, म्हणजे दोन आठवड्यांत मधलं पोट तेवढं उरेल. म्हातारीचं पुढचं टोक हाच तिचा चेहरा आहे. चेहऱ्याशिवाय छायाचित्र काय कामाचं?

तडक मुकादमाला गाठलं. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, गळ्यात काळा चष्मा लोंबकळत. बोलायला काटकसरी. मी त्याला वाचनालय, भिंत, इतिहास, सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत उभा.

"पुढचं टोक शेवटपर्यंत ठेवायचं," मी म्हटलं.

"बाई, माझ्या हातात गॅसची नळी आहे. कारभार ठेकेदाराचा."

"मग ठेकेदाराला सांगा."

"बघू."

हा 'बघू' मी जन्मभर ऐकला आहे. त्याचा अर्थ नाही असा असतो. परत फिरले तर धाकटी तंबूच्या सावलीत उपड्या बादलीवर बसलेली. म्हणे वारा खायला आले होते. वारा खायला तंबूच्या आडोशाला कोण बसतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुढची टोळी मागे हलवली आहे. टोकाला हात लावलेला नाही.

रुग्णालयात माझा आवाज ऐकून वॉर्डबॉय जिन्याने पळत, ते उगाच नाही. नुसतं बोलता आलं पाहिजे. धाकटीला म्हटलं, "बघितलंस? चार शब्द सुनावले, काम झालं." ती म्हणाली, "हो ना जाऊबाई, तुमचा दराराच तसा." आणि काल गुडघे धरून कण्हणारी बाई शीळ घालत दळण आणायला गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पोस्टातली बाई आणि तिची सासू. सासू श्वास रोखायला तयार नाही. म्हणते, एकदा रोखला आणि परत आलाच नाही तर? सून म्हणाली, "बाई, तुम्ही त्यांना जास्त वेळ रोखायला सांगा की." सासूने ऐकलं. पुढचा अर्धा तास माझा वाया.

चहासाठी धाकटीला म्हटलं तर थर्मास रिकामा. सकाळी तोंडोतोंड भरला होता, मला एक कप मिळाला. "सांडला वाटतं," म्हणाली. वाटतं?

सगळे गेल्यावर म्हटलं, चल, तुझाही काढते. तिच्या कानांत काहीतरी नवीन लोंबतंय, हिरवट, टपोरं. म्हटलं, काढ ते. "नाही काढणार." तीन वेळा सांगितलं. आमच्या इतक्या वर्षांच्या एकत्र संसारात तिने मला तीन वेळा 'नाही' म्हटल्याचं आठवत नाही. शेवटी तशीच उभी केली. तर स्थिर राहील ती धाकटी कसली. प्रत्येक फोटोत हललेली. आणि प्रत्येक वेळी मान डावीकडे. हे काही मला बरं लक्षण वाटत नाही. मानेच्या मणक्यांची झीज असावी. झोपताना तिला गरम पाण्याची पिशवी दिली. तिने मुकाट्याने घेतली आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली. यात हसण्यासारखं काय आहे?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विश्वासघात.

उंटावरच्यांकडे मी नुसते पाहण्यासाठी म्हणून फोटो दिले होते. त्यांनी ते वर्तमानपत्रांच्या मेजावर मांडून ठेवले, "लोकांचं मत घ्यायला". संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली बघून गेली आणि रात्रीच्या जेवणाआधी माझ्या दारात हजर.

शिंपी म्हणाला, "बाई, फोटो चांगलाच आहे. मी गेल्यावर लावायला. पण तशी घाई नाही मला."

पार्लरवाली म्हणाली, "हा फोटो लावलात तर माझं एक गिऱ्हाईक टिकणार नाही. म्हणतील, हिचं स्वतःचं असं झालंय, आमचं काय करेल."

सरांच्या वतीने त्यांची बायको बोलली. "आमच्या ह्यांना पोलिसांनी धरून आणल्यासारखं दिसतंय."

म्हटलं, "फोटो स्पष्ट आहेत. एकेक रेष दिसते आहे. यापेक्षा जास्त काय हवंय?"

"कमी हवंय," शिंपी म्हणाला.

कोणीच भिंतीवर यायला तयार नाही. उंटावरचे हात चोळत म्हणाले की तसंच झालं तर केमिस्टच्या बायकोने विणकाम द्यायची तयारी दाखवली आहे. विणकाम. माझ्या भिंतीवर टोपरी आणि मोजे.

चुकलं कुठे हे मला खरंच कळत नाही. मी कोणाला वाकडं दाखवलं नाही, कोणाचं डोकं छाटलं नाही. जे समोर उभं होतं ते आलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काल दिवसभर खिडकी लावून पडून होते. धाकटी भात ठेवून गेली, तो उचलून घेऊन गेली, परत ठेवून गेली. आज कळलं की ती घरोघर फिरून आली आहे. रविवारी सगळे किनाऱ्यावर येणार.

"तू माझ्यासाठी पदर पसरून आलीस?"

"पदर कसला? फोटोचं नावही काढलं नाही मी. म्हटलं, चला, म्हातारी जायच्या आधी एकदा सगळे मिळून बसू."

"म्हणजे फसवून आणणार."

"तुम्ही कॅमेरा आणा, नाहीतर नका आणू. मी अंडी उकडणार आहे."

मी म्हटलं, माझा यायचा विचार नाही. ती म्हणाली, "बरं, मग एक अंडं कमी उकडते."

२३ नोव्हेंबर, रविवार

गेले. अंड्यासाठी नव्हे.

म्हातारी आता अर्धी राहिली आहे. कापलेल्या बाजूने आतले कप्पे उघडे पडलेत, कपाटाचे खण ओढून काढावेत तसे. प्रकाश सुरेख होता. एखादं शहाणं माणूस समोर शांत उभं राहिलं असतं तर आज काम झालं असतं.

पण शांत कोण राहणार. धाकटी मध्यभागी बसली आणि बोलायला लागली. माझ्या दिराला एकदा म्हातारीच्या शिडीवर चढायची हौस आली आणि पायजमा खिळ्याला अडकून तो अधांतरी राहिला, ही ती जुनीच गोष्ट. मी शंभरदा ऐकली आहे, आणि खरं म्हणजे तो पायजमा नव्हता, विजार होती. पण ती बोलायला लागली की हात, मान, भुवया, सगळं बोलतं. शिंपी हसताना मागे कलंडला. पोस्टातल्या बाईच्या सासूने सुनेच्या मांडीवर डोकं टेकून डोळे पुसले. पार्लरवालीने सरांचे वाऱ्याने उडालेले केस आपल्याच क्लिपा लावून बसवले, आणि सर तसेच गंभीर चेहऱ्याने अंडं सोलत राहिले. मुकादमही येऊन बसला होता, त्याला कोणी बोलावलं होतं देव जाणे. सगळ्यात आधी अंडं त्याला मिळालं.

मी ओरडत होते, "जरा इकडे बघा. एक क्षण. हलू नका." कोणी ऐकेल तर शपथ. शेवटी इतका संताप आला की नुसतं बटण दाबत सुटले. न बघता, न ठरवता, रागाने भांडी आपटतात तसं.

आमच्या विभागात पेशंट हलला की फिल्म वाया जायची आणि आम्ही ती वेगळ्या खोक्यात टाकायचो. आजचा सबंध दिवस त्या खोक्यातला आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उंटावरच्यांनी खोकंच निवडलं.

मी जुने व्यवस्थित फोटो पुन्हा दाखवायला नेले होते. कॅमेऱ्यातले रविवारचे पुसायचे राहिले होते, तर यांनी बोट सरकवत सरकवत ते गाठले. आणि थांबले. मग त्यांच्या बायकोला हाक मारली, तिनेही पाहिलं आणि एकदम फसकन हसली. सरांच्या केसांतल्या क्लिपा.

"हे लावू," उंटावरचे म्हणाले.

"हे वाया गेलेले आहेत. सासूबाईंचं तोंड उघडं आहे. शिंप्याचा एक हात बाहेर गेलाय."

"हात कुठे गेलाय ते कळतंय ना. मग झालं."

"या फोटोंखाली माझं नाव घालणार तुम्ही?"

"तुम्ही काढलेत ना? मग कुणाचं घालू?"

ज्या नावासाठी एवढी यातायात केली ते असल्या फोटोंखाली लावायचं म्हणजे दुसऱ्याची चप्पल घालून फिरण्यासारखं. त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. बोलत होती धाकटी. विचार करून सांगते म्हटलं.

येताना किनाऱ्यावरून आले. ठेकेदार मुकादमावर सगळ्यांसमोर तोंड टाकत होता. टोक अजून का उभं आहे, क्रेन किती दिवस अडकवून ठेवायची, तू कामाला आलास की हवा खायला. मुकादम खाली मान घालून ऐकत होता. हट्टी माणूस. एका टोकापायी एवढी बोलणी का खातो कोण जाणे. मी सांगून आता पंधरवडा उलटला. माझा शब्द इतका मनावर घ्यायला मी काही त्याची कोणी लागत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

धाकटीने आज शेंगा सोलता सोलता सांगितलं.

"जाऊबाई, मी मुकादमांबरोबर जाणार आहे."

"कुठे, बाजारात?"

"पुढच्या कामावर. वरच्या किनाऱ्याला. ते तिथे खोली घेताहेत."

मी शेंगा सोलत राहिले. मला वाटलं ती स्वयंपाकाचं काम धरतेय. तसं म्हटलंही. तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. लहान मुलाकडे बघतात तसं.

"लग्न करून जाणार आहे."

"या वयात?"

"दुसरं वय कुठून आणू?"

"लोक काय म्हणतील?"

"शिंपी म्हणाला, कपडे मी शिवतो. पार्लरवाली म्हणाली, केस माझ्याकडे. सर म्हणाले, हिशोबाने तुम्ही दोघं एकमेकांना बरोबर आहात."

"म्हणजे सगळ्या जगाला ठाऊक आहे."

"तुम्ही सोडून. मी रोज म्हणायचे, आज कळेल, आज कळेल. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही ना."

मी उठून आत आले. आत्ता सगळे फोटो पुन्हा पाहिले. चौदा तारखेचे, त्याच्या आधीचे, रविवारचे. तंबू डावीकडे आहे. सगळ्या फोटोंत, काठाला, थोडासा. एकात मुकादमाची बाहीही आहे, थर्मासचं झाकण धरलेली.

तिची मान चांगली आहे. मणक्यांना काहीही झालेलं नाही.

मी डॉक्टरांच्या आधी डाग ओळखायची. उजेडाला फिल्म धरली की मला दिसायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसासमोरून तोंड मिटून जायचे. त्या मला, माझ्याच घरात.

३ डिसेंबर, बुधवार

बोलणं बंद आहे. माझ्याकडून. तिने मीठ मागितलं, मी मिठाकडे बघितलं.

तिला कशाची कमी होती इथे? दोन खोल्या, गच्ची, नळाला पाणी. तिच्या भावाच्या आजारपणात मीच धावले होते, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी उभं राहून करून घेतलं. आणि हा मनुष्य तिला एका चहावर घेऊन चालला.

टोक टोक म्हणून मी ज्याचं कौतुक मिरवलं, ते कोणाच्या सांगण्यावरून उभं राहिलं होतं हेही आता कळलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. "तुमचा दरारा" म्हणाली. याचाच जास्त संताप येतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्या टोक कापणार. ठेकेदार स्वतः उभा राहणार आहे.

धाकटी दाराशी आली. "जाऊबाई, एकच मागते. उद्या सकाळी आमच्या दोघांचा एक काढा, म्हातारीसमोर. तिच्या साक्षीने झालं सगळं."

"मी लग्नाचे फोटो काढत नाही."

"बरं," म्हणाली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर, शनिवार

नाही जायचं ठरवलं होतं. सकाळी कपाट आवरायला घेतलं. तिचे कप्पे तिने आधीच रिकामे केलेले. एवढ्या वर्षांत कपाटात जागा नाही म्हणून आम्ही किती भांडलो, आणि आज ती निम्मं कपाट मोकळं करून बसली आहे. दार लावलं, कॅमेरा घेतला आणि निघाले.

पोहोचले तर टोक नव्हतं. क्रेनने उचलून ट्रकवर ठेवलेलं, तोंड आभाळाकडे. जिथे म्हातारी होती तिथे लांबलचक खड्डा, त्यात समुद्राचं पाणी भरत होतं. ठेकेदार निघून गेलेला. हे दोघं खड्ड्याच्या काठावर बसलेले, मधे थर्मास.

मुकादम उठून उभा राहिला. "जास्त थांबवता नाही आलं, बाई."

"तुम्हाला कोणी जाब विचारला?" मी म्हटलं. "उभे राहा दोघं. अगं, तूही."

"आता कशाला?" धाकटी म्हणाली. "मागे काही नाहीच."

"मागचं मी बघते."

ती त्याच्या कॉलरवरची गंजाची धूळ झटकायला लागली. तो म्हणाला, "राहू दे, निघत नाही ती." ती म्हणाली, "निघते, नीट उभे राहिलात तर." हिरवे डूल हलत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही, नुसतं बटण दाबलं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

मग धाकटीने माझ्या हातातून सरळ कॅमेरा घेतला आणि फोटो बघितला. त्यालाही दाखवला. मी अडवलं नाही. हात गारठले होते.

११ डिसेंबर, गुरुवार

नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. साक्षीदार मी आणि शिंपी. कारकुनाने मला विचारलं, वधूशी नातं काय? मी म्हटलं, मोठी जाऊ. तो लेखणी उचलून बघत राहिला. हा त्याचा प्रश्न आहे, माझा नव्हे.

तीनच्या बसने गेली. जाताना रडली नाही. मला म्हणाली, "गॅस टाकीपासून बंद करत जा." मी म्हटलं, "तूच विसरतेस, मी नाही."

२२ डिसेंबर, सोमवार

भिंत लागली.

काल दुपारभर उंटावरच्यांशी हुज्जत. ते शेवटच्या फोटोपाशी अडले. "यात जहाज कुठे आहे?"

"कापलं."

"मग हा विषयात बसत नाही."

"विषयाला जरा सरकून बसायला सांगा."

मग खालच्या पाटीवरून. मी लिहून नेलं होतं: छायाचित्रं, आणि माझं नाव. त्याखाली: बडबड, आणि धाकटीचं नाव. दोन्ही अक्षरं सारख्याच आकाराची. ते म्हणाले, "बडबड असं कुठे लिहितात का? 'सहाय्य' लिहू." म्हटलं, सहाय्य तर कॅमेऱ्याच्या स्टँडनेही केलं. तिच्याशिवाय ही माणसं भिंतीवर आली नसती. मला दुसऱ्याच्या कामाखाली एकटीचं नाव नको आहे. ज्यांनी माझ्याशी तसं केलं त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. एक तर दोन्ही नावं, नाहीतर खुशाल मोजे टांगा.

आज पाटी आहे. दोन्ही नावांची.

गर्दी झाली. शिंपी स्वतःच्या फोटोपुढे उभा राहून गिऱ्हाइकांची मापं ठरवत होता. पोस्टातल्या बाईची सासू म्हणाली, "माझं तोंड उघडं आहे." मी म्हटलं, माफ करा. "नाही, राहू दे. दात नवीन आहेत."

लोक मला येऊन छान छान म्हणत होते. मी आभार मानत होते. मधेच वळून धाकटीला म्हणणार होते की बघ, केमिस्टची बायको कशी तोंड वाकडं करून फिरतेय. वळलेही.

२८ डिसेंबर, रविवार

फोन आला. मागे वाऱ्याचा आणि हातोड्यांचा एवढा आवाज की अर्धं ऐकू येईना.

खोली बरी आहे म्हणाली. खिडकी एकच आहे. मुकादमांना तिचा स्वयंपाक तिखट लागतो, पण बोलत नाहीत, पाणी पितात. पाटीचं तिला पार्लरवालीने कळवलं होतं. "बडबड काय, जाऊबाई? माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठे लागलं आणि ते बडबडीपुढे."

"तक्रार असेल तर येऊन काढून घे."

ती हसली. मग म्हणाली, "इथे दोन आहेत. एक मोठं, एक त्याहून मोठं. शेजारी शेजारी रुतलीत. अजून हात लावलेला नाही. इथली माणसंही बरी आहेत, नुसती बसून असतात दिवसभर."

मी म्हटलं, मला इथे भरपूर कामं आहेत. घर एकटीने बघायचं म्हणजे थोडं नव्हे. शिवाय त्या बसचे धक्के माझ्या कमरेला सोसणार नाहीत, आणि नवरा-बायकोच्या एका खोलीत मी कुठे तंगड्या पसरू?

"बरं," ती म्हणाली.

पुन्हा तेच बरं. मी विचारलं, जहाजांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत, आणि सकाळचं ऊन कुठून येतं.